डोळे आधी, तोंड शेवटी

१

आधीच सांगून ठेवतो, यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. माझ्यावर तसाही कुणाचा बसत नाही. पण माझ्या थापा निदान खऱ्या वाटतात. ही गोष्ट खरी असून थाप वाटते, एवढीच तिच्यात खोट. एका बाईचं तोंड चोरीला गेलं होतं. बाई जिवंत, धडधाकट, स्वतःच्या पायांनी चालत घरी गेलेली, आणि तोंड गायब! ते कुणी नेलं हे मी, चित्रशाळेच्या एका साध्या स्टोअरकीपरनं, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढ्या वेळात शोधून काढलं. मध्ये जेवणाची सुट्टीसुद्धा घेतली.

आमच्या घराच्या गॅलरीत आम्ही चौघं होतो. एक शेजारचा जुळारी. छापखान्यात तीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून निवृत्त झालेला माझा मित्र. दुसऱ्याच्या वाक्यात चूक सापडल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही. दुसरी माझी नात. ऑफिस सुटलं की चित्रकलेच्या वर्गाला जाते आणि कोपरापर्यंत काळी होऊन येते. आणि ही. ही म्हणजे आमची ही. उंबऱ्याशी बसून मटार सोलत होती. माझ्या गोष्टींच्या वेळी ती नेहमी काहीतरी सोलत, निवडत नाहीतर शिवत असते. ऐकते की नाही, कळायला मार्ग नाही.

नातीनं त्या दिवशी वर्गात काढलेला चारकोलचा चेहरा कठड्याला टेकवून ठेवला होता. कुणा म्हाताऱ्याचा होता.

"सर म्हणाले, चेहरा आलाय पण माणूस आला नाही," ती म्हणाली. "आजोबा, तुम्हाला यात काय दिसतं?"

"अजीर्ण."

"आजोबा!"

"मग काय सांगू? चेहरा वाचायचा म्हणजे गंमत आहे का? मी चित्रशाळेच्या स्टोअरमध्ये सव्वीस वर्षं काढली. कागद, टाचण्या, चारकोलच्या कांड्या वाटल्या. नुसत्या वासावरून सांगायचो, कांडी द्राक्षाच्या वेलाची की विलोच्या लाकडाची."

"आणि कुणी ओढली तेही सांगायचास," जुळारी म्हणाला.

"तेही सांगायचो. प्लॅस्टरच्या पुतळ्याचं नाक चोरीला गेलं होतं, ते कुणी शोधलं? मी! कसं? चोराच्या शिंकेवरून. प्लॅस्टरची पूड नाकात गेलेल्या माणसाची शिंक वेगळी असते. म्हणून तर तोंड गेलं तेव्हा मोठ्या बाईंनी मलाच बोलावलं."

मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्राचार्य. त्या सकाळी शिपाई धापा टाकत स्टोअरमध्ये आला. "काका, वर चला. तोंड गेलं!"

मी वर गेलो. हे नीट लक्षात ठेवा, त्या आठवड्यात वरच्या वर्गात मी पाऊल टाकलं ते त्या सकाळी, पहिल्यांदा. खिडकीजवळ ईझल. ईझलवर तीन दिवस खपून काढलेला एका बाईचा चेहरा. केस, कपाळ, डोळे, नाक, गाल, हनुवटी, सगळं असं की हाक मारली तर ओ देईल.

आणि नाकाखाली, हनुवटीच्या वर, कोरा कागद.

२

"पुसलं?" नातीनं विचारलं.

"पुसलं नाही, खरवडलं म्हण. पावानं."

जुळाऱ्यानं भुवया चढवल्या. त्याला समजावून सांगावं लागलं. चारकोल रबरानं पुसला की कागद मळतो. म्हणून चित्रकार शिळ्या पावाचा मऊ गर चिमटीत दाबून गोळी करतात आणि तिनं चारकोल उचलतात. तो पावही स्टोअरमधूनच जायचा. खाली जमिनीवर पावाचा काळा चुरा पडला होता. कागद इतका घासला होता की त्याची लव उठली होती. मी भिंग लावून पाहिलं, ओठांची सावलीसुद्धा नाही. काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

"पण आजोबा, चित्र फिक्स केलेलं नव्हतं? फिक्स केलं की पुसता येत नाही."

पोरगी हुशार आहे. माझ्यावर गेली आहे. "फिक्स करायचं म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फुंकणीनं चित्रावर फवारायची. ते काम माझंच. चित्र पुरं झालं की पाचच्या घंटेनंतर मी बाटली आणि फुंकणी घेऊन वर जायचो. पोरांच्या हाती दिली की अर्धी बाटली एकमेकांच्या अंगावर. पण आदल्या दिवशी स्पिरिट संपलं होतं. म्हणून मी गेलो नाही."

"नेमकं त्याच दिवशी?" जुळारी म्हणाला.

"संपायची गोष्ट कुठल्या ना कुठल्या दिवशी संपणारच. पुढं ऐक."

त्या चित्राला एवढं महत्त्व का, तर दर वर्षी शाळेतून एकच चारकोलचं चित्र बाहेर मोठ्या प्रदर्शनाला जायचं. ज्याचं जाईल त्याला दोन वर्षं पुढं शिकायला पाठवायचे. त्या वर्षी शर्यतीत दोघं होते. एक घुमी, तोंड गेलेलं चित्र तिचंच. दिवसाला चार शब्द बोलायची, त्यातले दोन 'चारकोल द्या'. दुसरा उंट्या. दारातून आत येताना वाकायचा. याचा बाप विटांच्या भट्टीवर कोळसा फोडायचा. उंट्या एकदा स्टोअरच्या खिडकीशी उभा राहून, कांडी दोन बोटांत धरून मला म्हणाला होता, "काका, आमच्या घरात कोळसा हलक्या हातानं धरणारा मी पहिलाच." ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. जायला हवं होतं.

दोघांसमोर मॉडेल एकच बसवली होती. नेहमीची बाई पाय मुरगळून घरी होती, म्हणून शाळेतल्याच एका नोकराची बायको आयत्या वेळी आणली.

"कुणाची?" नात म्हणाली. एव्हाना तिनं नवा कागद मांडीवर घेतला होता आणि तिरक्या नजरेनं आजीकडं बघत रेघा ओढायला सुरुवात केली होती. तिचा हात स्वस्थ बसत नाही.

"असेल कुणा शिपायाबिपायाची. तुला गोष्ट ऐकायचीय की हजेरी घ्यायचीय?"

तर मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर मला सांगितलं, "संध्याकाळी पाचपर्यंत मला नाव हवं. ज्याचं नाव येईल तो आजच शाळेबाहेर जाईल. कायमचा. या शाळेच्या कागदावर पुन्हा नाही, आणि दुसऱ्या शाळेला शिफारसही नाही."

उंट्या मान खाली घालून उभा होता. घुमी कोऱ्या जागेकडं बघत होती. मी घड्याळाकडं बघितलं. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. आता कुणाचं तरी आयुष्य माझ्या चौकशीवर टांगलेलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

३

माझी पद्धत साधी. कोण कुठं होतं, किती वाजता होतं, हे पोलीस विचारतात. मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. गेलेलं तोंड कसं होतं?

आधी मास्तर. चारकोलचा वर्ग त्यांचा. त्यांचा नियम होता, डोळे आधी, तोंड शेवटी. ते म्हणायचे, "डोळ्यांना पहिल्या दिवशी भिडा. बसणारा माणूस पहिल्या दिवशी डोळ्यांनी नाटक करतो, ते नाटकही काढा. तिसऱ्या दिवशी तो थकतो. थकला की तोंड खरं बोलायला लागतं." दुसरा नियम, चित्राला ओलं बोट लावायचं नाही. ओल्या बोटानं चारकोल कागदात मुरतो, मग तो देवालाही निघत नाही. ओलं बोट लावणाऱ्याचा कागद मास्तर सगळ्यांदेखत फाडायचे.

"काल मी साडेचारला शेवटचं पाहिलं," मास्तर म्हणाले. "तोंड नव्वद टक्के झालं होतं. रागीट होतं. दातावर दात दाबलेली बाई."

"कुणावर राग?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "बायकांचा राग कुणावर असतो? जो समोर उभा राहून शिकवतो त्याच्यावर."

मास्तरांच्या बायकोनं त्याच महिन्यात घर सोडलं होतं. मी पुढं काही विचारलं नाही.

मग मोठ्या बाई. त्यांनाही विचारलं. डिटेक्टिव्हनं मालकाला सोडता कामा नये.

"मी चित्र पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तोंड सोशिकच असणार."

"न पाहता?"

"अहो, नोकराची बायको. तीन दिवस न बोलता बसली. सोशिक असल्याशिवाय बसेल?"

जुळारी खो खो हसला. मी म्हटलं, "हस. पण बघ, मास्तरांना राग दिसला, मोठ्या बाईंना सोसणं दिसलं. लोक चेहरा वाचत नाहीत रे. चेहऱ्यावर स्वतःचंच पत्र ठेवतात आणि मोठ्यानं वाचतात. दुसऱ्याच्या अक्षरात आहे असं समजून."

"हे वाक्य कुठून ढापलंस?"

"माझंच आहे."

"मग चूक शोधली पाहिजे," जुळारी म्हणाला आणि चहा प्याला.

"आणि ती बाई?" नातीनं मान वर न करता विचारलं. "तिला काय विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? मॉडेलला चित्र फिक्स होईपर्यंत दाखवत नाहीत, तो रिवाज आहे. तिनं पाहिलेलंच नाही तर ती सांगणार काय? उलट तिनंच मला विचारलं, तोंड कसं आलं होतं म्हणून."

"मग?"

"मग काय! मी म्हटलं, बाई, मला ठाऊक नाही. मी पाहिलं ते पुसलेलंच."

उंबऱ्याशी एक शेंग टचकन फुटली. मी घुमीकडं वळलो. म्हणजे गोष्टीत वळलो.

४

घुमीला बोलतं करायला मला पाऊण तास लागला. मी तिला चारकोलची कोरी कांडी दिली. ती बोटांत फिरवत बसली.

"रडली नाहीस तू," मी म्हटलं.

"नाही."

"चित्र चांगलं झालं होतं?"

"झालं होतं."

"तोंड?"

तिनं कांडी फिरवायची थांबवली. मग एकदम, पाण्याचा नळ सुटावा तशी बोलायला लागली. "साडेचारपर्यंत ते तोंड कुणाचंही होतं, काका. ओठ बरोबर, माप बरोबर, पण बाई त्यात नव्हती. मग सगळे गेले. आम्ही दोघीच राहिलो. खालच्या खिडकीतून आवाज येत होता. कुणीतरी काहीतरी रंगवून सांगत होतं, मी असं केलं, मी तसं पकडलं. ती बाई ऐकत होती. ऐकताना तिचं तोंड बदललं. तेवढ्यात मी ते धरलं."

"कसं धरलंस?"

"ते नाही सांगणार."

"का?"

"मास्तर ओरडतील." ती कांडीकडं बघत राहिली. "मी शेवटी एक गोष्ट केली. करायची नसते ती. ती केली आणि ते तोंड तिचं झालं. पाचची घंटा झाली. ती बाई उठून गेली, मीही गेले. बस्स."

"काय केलंस, एवढंच सांग. तपासाला लागेल."

"आता ते कुठं आहे? गेलं ना? मग कशाला सांगू?" आणि तिनं कांडी माझ्या टेबलावर ठेवली. "परत घ्या. मला नको."

त्यानंतर तिनं माणसाचं तोंड पुन्हा काढलं नाही, असं ऐकलं. लोटे, खुर्च्या, बूट काढायची. बूट फार छान काढायची म्हणतात.

"खालून कुणाचा आवाज येत होता?" जुळाऱ्यानं विचारलं.

"वरच्या वर्गाच्या खाली काय आहे? स्टोअर. स्टोअरमध्ये कायम कुणी ना कुणी बोलतच असतं."

"कुणी ना कुणी," जुळारी म्हणाला.

त्याच्याकडं लक्ष द्यायला मला वेळ नव्हता. जेवणाची सुट्टी संपली होती. उरला होता उंट्या, आणि उंट्याच्या खिशात काय सापडलं ते ऐकलंत तर तुम्ही खुर्चीवरून उठाल.

५

पाव!

कुणीच उठलं नाही. तरी सांगतो. उंट्याच्या डगल्याच्या खिशात पावाचा तुकडा सापडला, काळा झालेला. आदल्या दिवशी विद्यार्थ्यांपैकी स्टोअरमधून पाव नेला होता तो एकट्या उंट्यानं.

"दिला कुणी?" जुळारी.

"मी. म्हणून तर मला माहीत."

"आणि बाकीचा पाव कुठं होता?"

"स्टोअरमध्ये. कुलपात. किल्ली माझ्याकडं. मध्ये मध्ये तोंड घालू नकोस."

उंट्याला मी स्टुलावर बसवलं. बसला तरी माझ्याएवढाच. "तोंड कसं होतं?"

"हसत होतं," तो म्हणाला.

"हसत?"

"मला हसत होतं, काका. साडेचारला मी तिच्या ईझलशी गेलो. अजून पुरं झालं नव्हतं, तरी मला कळलं. मी तीन दिवस त्याच बाईकडं बघत होतो आणि मला एक चेहरा दिसला होता. या पोरीला माणूस दिसला होता. तिच्या चित्रातली ती बाई मला म्हणत होती, भट्टीवर जा."

"म्हणून पुसलंस."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मोठे डोळे, खालची पापणी ओली. मी चारकोल काढत असतो तर डोळे तिथंच संपवले असते, तोंड काढायची गरज नव्हती. "पुसेन कशाला?" तो म्हणाला. "असं पुसता येतं का कुणाला? मी घरी गेलो आणि माझं चित्र फाडलं."

"काय केलंस?"

"फाडलं. तिचं पाहिल्यावर माझं ठेवायचं कशाला?"

आता इथं माझी बुद्धी बघा. साधा माणूस म्हणाला असता, ज्यानं स्वतःचं चित्र फाडलं त्यानं दुसऱ्याचं जिंकू नये म्हणून पुसलं, हे जुळत नाही. शर्यतीतून स्वतःच उतरलेला माणूस दुसऱ्याला पाय कशाला घालेल? पण मी साधा माणूस नव्हे. मी ओळखलं, पुरावा नाहीसा केला! दोन्ही चित्रं शेजारी ठेवून कुणी ताडून पाहू नयेत म्हणून.

"हे तुला पटलं होतं?" जुळाऱ्यानं विचारलं. या वेळी तो हसत नव्हता.

"मोठ्या बाईंना पटलं."

पाचला दहा मिनिटं कमी असताना मी त्यांच्या दारावर टकटक केली.

६

मी मुद्दे मांडले ते असे. पाव उंट्यानं नेला होता आणि पुसलंय पावानं. चुरा ईझलपासून दीड हात मागं पडला होता, म्हणजे पुसणाऱ्याचे हात लांब. घुमीचं ईझल ठेंगणं, तरी पुसताना कागदाच्या खालच्या कडेला हात टेकल्याचा डाग नाही, म्हणजे माणूस वरून वाकला. सगळ्यांना विचारलं तोंड कसं होतं, तर कुणी राग म्हणालं, कुणी सोशिक म्हणालं. 'मला हसत होतं' म्हणाला फक्त उंट्या. ज्याला चित्र हसतं तोच चित्राचं तोंड बंद करतो. संपलं.

मोठ्या बाईंनी टेबलावर हात आपटला. "शाबास! काका, तुम्ही पोलिसात हवे होतात."

उंट्याला बोलावलं. सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मी केलं नाही." तेही एकदाच. दोनदा म्हणाला असता तर कुणी ऐकलं असतं का, माहीत नाही. जाताना तो स्टोअरशी थांबला, खिशातून उरलेल्या दोन कांड्या काढल्या आणि माझ्या खिडकीत ठेवल्या. शाळेच्या होत्या ना. मग दारातून वाकून गेला. बाहेर गेल्यावरही तसाच वाकलेला चालत होता.

मध्यंतरी दिसला मला. ट्रकच्या पाट्यांवर नंबर रंगवत होता. आकडे सुरेख होते. मला ओळखलं त्यानं. उठून उभा राहिला, "काका, बरे आहात?" म्हणाला. हातातला ब्रश मागं धरला, मला रंग लागू नये म्हणून.

गॅलरीत नातीचा चारकोल तेवढा कागदावर खरखरत होता.

"म्हणजे तुझी सगळी हुशारी पाव आणि उंची," जुळारी म्हणाला. "एवढ्यावर पोराला घालवलंस? अरे, दीड हात मागं चुरा तर झाडूनंही जातो. हात न टेकता मीसुद्धा पुसेन. आणि तू कुणाला सोडलंस सांगू? ज्याच्याकडं पावाची किल्ली होती त्याला."

"किल्ली असणाऱ्यानं तपास केला, म्हणून किल्लीचा संबंध नाही."

"चेहरे वाचतो म्हणे! तपास सोड. त्या बाईचं तोंड कसं होतं, हे तरी कळलं का तुला शेवटपर्यंत? मास्तर राग म्हणाले, तो हसू म्हणाला. तू काय म्हणतोस? तुला काही वाचता आलं नाही. कबूल कर, डिटेक्टिव्ह!"

मला काहीही म्हणा. खोटारडा म्हणा, बढाईखोर म्हणा. सव्वीस वर्षं शाळेनं म्हटलं, पुढची वर्षं सोसायटीनं म्हटलं. पण चेहरा वाचता येत नाही म्हणाल तर माझं डोकं फिरतं.

"मला?" मी म्हटलं. "अरे, त्या शाळेत ते तोंड वाचता आलेला मी एकटा! राग नव्हता त्यात. राग परवडला असता, रागाला उत्तर देता येतं. हसूही नव्हतं. सोशिक तर अजिबात नाही. ते तोंड होतं आपल्या माणसाची फुशारकी ऐकणाऱ्या बाईचं. तो खाली बसून रंगवून रंगवून सांगतोय, तिला पहिल्या शब्दापासून ठाऊक आहे की सगळं खोटं आहे, आणि ती त्याला थांबवणार नाही. का? प्रेमानं? छट्! थांबवलं तर त्याच्यापाशी दुसरं काहीच उरणार नाही, हे तिला कळलंय म्हणून. कीव होती त्यात. नुसती कीव. ते चित्र प्रदर्शनात लागलं असतं, हजार लोकांनी पाहिलं असतं, आणि प्रत्येकानं विचारलं असतं, हिचा नवरा कोण? असा कोण आहे तो?"

"एवढं सगळं एका तोंडात?" जुळारी म्हणाला.

"एवढं सगळं एका ठिपक्यात! ओठ साधेच होते, मिटलेले. पण डाव्या कोपऱ्यात, ओठ जिथं संपतो तिथं, ओल्या करंगळीनं दाबलेला एक ठिपका होता. तिळाएवढा. काळाभोर. अख्खं तोंड त्या ठिपक्यानं आत ओढून घेतलं होतं, बोलायचं ते गिळल्यासारखं. तो ठिपका नसता तर ते तोंड कुणाचंही होतं. मी सांगतो तुला, पावाच्या अकरा गोळ्या लागतात असला ठिपका निघायला!"

बोलून झाल्यावर मला वाटलं, जुळारी टाळी देईल. तो कप हातात धरून माझ्याकडं बघत होता. नातीचा चारकोल थांबला होता. तिच्या कागदावर आजी होती. केस, कपाळ, डोळे, नाक, हनुवटी. तोंडाच्या जागी अजून काही काढलेलं नव्हतं, आणि ती एकदा कागदाकडं, एकदा उंबऱ्याकडं बघत होती.

मटार सोलण्याचा आवाज थांबला होता. तो कधी थांबला, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

हिनं मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं. पदराला हात पुसले, एकेक बोट सावकाश.

"पाच वाजत आले होते," ही म्हणाली. "मास्तर गेले होते. तो उंच मुलगाही गेला होता. खालून तुमचा आवाज येत होता, पुतळ्याच्या नाकाची गोष्ट चालली होती. त्या मुलीनं दाराकडं बघितलं, करंगळी जिभेला लावली आणि कागदावर टेकवली. मी खुर्चीवरून पाहिलं. वर्गात आम्ही दोघीच होतो, आणि तिनं ते कुणालाही सांगितलं नाही."

"अगं, म्हणजे तसं..." मी म्हटलं.

"एक्केचाळीस वर्षं झाली. त्याच संध्याकाळी मी तुम्हाला विचारलं होतं, माझं तोंड कसं आलं होतं? तुम्ही म्हणालात, पाहिलं ते पुसलेलंच." ती माझ्याकडं बघत होती. "मग तो ठिपका तुम्ही कधी पाहिलात, हो?"